हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघरात कोण राबतं?

"ताई, ते एल्फ शाळेतच राहतात ना? मग त्यांना वर्गात का बसू देत नाहीत?"

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीतल्या अभ्यासिकेत मी मुलांना हॅरी पॉटर सांगत होते. पुस्तक इंग्रजी, गोष्ट मराठीत. चौथ्या भागात हॅरी, रॉन आणि हर्मायनी हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघरात जातात, तिथवर आलो आणि सातवीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला. तिची आई ज्या सोसायटीत धुणीभांडी करते, तिथे कामवाल्या बायकांसाठी लिफ्ट वेगळी आहे. मला उत्तर देता आलं नाही. ही पुस्तकं मी शाळेपासून किमान चारदा वाचली आहेत. समाजशास्त्रात एम.ए. केलं आहे. शोषणावर भाषणं देत फिरते. आणि इतका साधा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

म्हणून सातही भाग पुन्हा वाचले. हा त्या वाचनाचा हिशेब आहे.

आधी ही पुस्तकं आपल्याला इतकी का आवडली, ते प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. दुसऱ्या भागात ड्रॅको मॅल्फॉय हर्मायनीला 'मडब्लड' म्हणतो. म्हणजे घाणेरड्या रक्ताची. तिचे आईवडील जादूगार नाहीत, दातांचे डॉक्टर आहेत, एवढाच तिचा गुन्हा. वर्गात पहिली येणारी मुलगी, पण तिला तिची पायरी दाखवायला एक शब्द पुरतो. हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते. 'तुम्हाला काय, कोट्यातून मिळेलच' असं हसत हसत म्हणणारी मुलं माझ्याही वर्गात होती. इंग्लंडातल्या एका बाईला आपलं दुःख कसं कळलं, असं तेव्हा वाटलं. शिवाय त्या शाळेत पार्वती आणि पद्मा या पाटलांच्या जुळ्या मुलीसुद्धा! आता कळतं की त्या पाटलांचं पुढे काही होत नाही. नाचाच्या रात्री हॅरी आणि रॉन त्यांना सोबत नेतात आणि खुर्चीत बसवून ठेवतात, यापलीकडे त्यांची फारशी आठवण राहत नाही. पण तेव्हा नाव दिसलं यातच आनंद होता.

तर, रक्तशुद्धीच्या अहंकाराला रोलिंगबाईंनी खलनायक केलं, हे त्यांचं श्रेय आहे आणि ते मी काढून घेत नाही. माझा आक्षेप पुढचा आहे. या सात पुस्तकांत जातीचा माज करणारा माणूस वाईट आहे, पण ज्या उतरंडीवर तो माज उभा आहे ती उतरंड शेवटच्या पानापर्यंत सुरक्षित आहे. माणूस मरतो, व्यवस्था जगते. आणि आपण टाळ्या वाजवतो.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. हॉगवर्ट्समध्ये शंभराहून अधिक हाऊस-एल्फ आहेत. ब्रिटनमधल्या कुठल्याही वास्तूत इतके एल्फ नाहीत, असं तिथलं भूतच सांगतं. ते स्वयंपाक करतात, रात्री शेकोट्या पेटवतात, खोल्या झाडतात. पगार नाही, रजा नाही, अंगावर कपडा म्हणून उशीचा अभ्रा नाहीतर टॉवेल. चांगला एल्फ तोच, जो कुणाला दिसत नाही. हर्मायनी या शाळेत चौथ्या वर्षाला आहे, शाळेच्या इतिहासाचा हजार पानांचा ग्रंथ तिने पाठ केला आहे, आणि त्या ग्रंथात एल्फांचा उल्लेख एकदाही नाही. हे रोलिंगबाईंनी स्वतः लिहिलंय. इतिहास कोण लिहितो आणि त्यातून कोण गाळलं जातं, हे आपल्याला फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त शिकवलं. लेखिकेच्या हाती हे सूत्र लागलं होतं, हे नक्की. तिने ते सोडून का दिलं, हा माझा प्रश्न आहे.

इथे एक गैरसमज दूर करते. आपल्या काही तरुण मित्रांना हॉगवर्ट्सची चार घरं म्हणजे चातुर्वर्ण्य वाटतं. सरळसोट तसं नाही. घर जन्माने ठरत नाही, टोपी ठरवते, आणि हॅरीने आपली इच्छा सांगितली तर टोपी ऐकते. मात्र बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त आर्यसमाजी मंडळींच्या गुणाधारित चातुर्वर्ण्याचा समाचार घेतला आहे, तो या टोपीलाही लागू पडतो. माणसाचे गुण चार कप्प्यांत बसतील असं मानणं हीच मुळात चूक. अकराव्या वर्षी तर नाहीच नाही. आपण वाटणी फार लवकर करतो की काय, अशी शंका खुद्द डम्बलडोरला येते. शंका येते आणि विरते.

खरी गोष्ट मात्र त्या चार घरांच्या खाली आहे. चार घरं एकमेकांशी भांडतात, गुण मिळवतात, करंडक जिंकतात. या चौघांचं जेवण रांधणारा पाचवा तळघरात आहे. तो टोपीसमोर कधी येतच नाही. चार वर्णांच्या भांडणात सगळं पुस्तक रंगतं आणि अवर्ण भांडी घासतो.

आता कुणी म्हणेल, एल्फांकडे ताकद नव्हती. साफ खोटं. हॉगवर्ट्सच्या आवारात मोठमोठ्या जादूगारांना जे जमत नाही, ते एल्फ चुटकीसरशी करतात: तिथून गायब होतात आणि तिथे प्रकट होतात. त्यांच्याकडे विद्या आहे. त्यांना बांधलंय ते मालकीच्या नात्याने आणि कायद्याने. छडी वापरण्याच्या नियमात स्पष्ट कलम आहे: जो मानव नाही, त्याने छडी बाळगायची नाही. हे कलम व्होल्डेमॉर्टने आणलेलं नाही. तो सत्तेवर येण्याआधी ते आहे, चांगल्या लोकांच्या राज्यात आहे, आणि त्याच्या मरणानंतर ते रद्द झाल्याचं आपल्याला कुणी सांगत नाही. कुणी शस्त्र धरावं आणि कुणी विद्या घ्यावी, हे जन्मावरून ठरवणारं कलम आपण ओळखतो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला आपण त्याचीच होळी केली.

उतरंडीचं अजून एक चित्र रोलिंगबाईंनी रंगवलंय, आणि ते इतकं नेमकं आहे की क्रमिक विषमता शिकवताना मी ते वापरणार आहे. जादूगारांचं सरकार सगळ्या प्राणिमात्रांची 'जीव' आणि 'जनावर' अशी विभागणी करतं. सेंटॉर म्हणजे अर्धा माणूस, अर्धा घोडा. बुद्धिमान, ग्रहताऱ्यांचे जाणकार. त्यांना 'जीव' हा दर्जा देऊ केला तर ते नाकारतात. का? तर त्या यादीत चेटकिणी आणि रक्तपिपासू आहेत, त्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही! वरच्याने आपल्याला खाली ढकललंय यापेक्षा आपल्या शेजारी कोण बसलंय, याचा राग मोठा. बाबासाहेब सांगत होते ते हेच: या व्यवस्थेत प्रत्येकाला पायाखाली कुणीतरी मिळतं, म्हणून सगळे मिळून ती उलथत नाहीत. पण रोलिंगबाईंनी हा प्रकार गंमत म्हणून सांगितलाय.

आता हर्मायनीकडे वळू. ती एल्फांच्या हक्कांसाठी संघटना काढते. तिचा जाहीरनामा नीट वाचा: योग्य वेतन आणि कामाच्या अटी, छडीबंदीचा कायदा बदलणं, आणि सरकारी खात्यात एल्फांना प्रतिनिधित्व. वेतन, कायदा, प्रतिनिधित्व! चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय. आणि संपूर्ण पुस्तक तिला हसतं. संघटनेच्या नावाची आद्याक्षरं जुळवली की इंग्रजीत ओकारी असा अर्थ होतो. रॉन हसतो, हॅरी कंटाळतो. हॅग्रिड स्वतः अर्धा राक्षस, स्वतः अपमान भोगलेला, पण तोही म्हणतो की एल्फांना काम काढून घेणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय, त्यांचा स्वभावच तसा. जुळे भाऊ सांगतात, आम्ही स्वयंपाकघरात जाऊन आलोय, ते खूश आहेत.

'ते खूश आहेत.' मित्रहो, हे वाक्य ऐकून आपल्या किती पिढ्या गेल्या? १९३६ मध्ये गांधीजी 'हरिजन'मध्ये आदर्श भंगी कसा असावा हे लिहीत होते. काम पवित्र आहे, फक्त ते तुम्हीच करा! हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी आणायला या देशाला १९९३ उजाडावं लागलं, आणि तो कायदा पुरेसा नाही म्हणून २०१३ ला दुसरा करावा लागला. इतका उशीर का झाला? कारण ज्यांना बदल नको होता, त्यांच्याकडे हे एक तयार उत्तर होतं.

इथे विंकी नावाच्या एल्फ बाईचा विचार केला पाहिजे. मालक तिला कपडे देऊन काढून टाकतो. ती मोकळी होते आणि मोडून पडते. दारू पिऊन स्वयंपाकघरात पडून राहते, मालकाचं नाव घेऊन रडते. तिच्याकडे बोट दाखवून पुस्तक जणू विचारतं, बघा, हिला स्वातंत्र्य मानवलं का? हा डाव आपल्याला नवा नाही. महार वतन आठवा. पिढीजात गावकी, दिवसरात्र केव्हाही हाक आली की धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं, बदल्यात तुकडाभर जमीन आणि बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं. तेव्हा वतन गेलं तर खायचं काय, ही भीती आपल्याच माणसांना होती. ती भीती खोटी नव्हती. जिचं सगळं जग मालकाच्या उंबऱ्यात संपतं, तिला उंबऱ्याबाहेर ढकललं तर ती कोसळणारच. पण म्हणून बाबासाहेबांनी 'बघा, त्यांनाच वतन हवंय' असा निष्कर्ष काढला नाही. शिक्षण, नोकऱ्या, जमीन, राजकीय हक्क अशी दुसरी जमीन त्यांनी पायाखाली घालायला घेतली. अशी वतनं रद्द करणारा कायदा शेवटी १९५८ मध्ये झाला. विंकीच्या दारूला उत्तर आहे, पण ते शोधायला लेखिकेला सवड नव्हती.

डॉबीचं काय? तो तर मुक्त झाला, पगार घेतो, आपला लाडका आहे. त्याची मुक्ती कशी होते ते पाहा. हॅरी युक्तीने मालकाच्या हातून एक मोजा पडेल असं करतो, आणि डॉबी सुटतो. मुक्तीचा मार्ग मालकाच्या हातूनच जातो, मालक फसला तरी हात त्याचाच. पुढे डम्बलडोर डॉबीला आठवड्याला दहा गॅलिअन आणि शनिवार-रविवार सुट्टी देऊ करतो. डॉबी घासाघीस करून ते एक गॅलिअन आणि महिन्याला एक सुट्टी इतकं खाली आणतो! हा विनोद म्हणून लिहिलाय. मजूर स्वतःची मजुरी कमी करून मागतो आणि वाचकाने त्याच्या भोळेपणावर हसायचं.

कपड्यांचीच गोष्ट निघाली आहे तर डिसेंबर १९२७ चं महाड पुन्हा आठवा. बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या बायांना सांगितलं की अस्पृश्यतेची खूण पटवणारं नेसणं सोडा, अंगावरचे ते जड दागिने टाका, घोळदार लुगडं नेसा. बायांनी नेसणं बदललं. कुणा मालकाने मोजा फेकण्याची वाट पाहिली नाही. कपडा तोच, पण एका गोष्टीत तो मिळतो आणि दुसऱ्या गोष्टीत तो नेसला जातो. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मात्र हर्मायनीवर माझी एक टीका आहे, आणि ती रॉनच्या हसण्याहून वेगळी आहे. तिच्या संघटनेत अध्यक्ष कोण? ती. खजिनदार रॉन, सचिव हॅरी. एल्फ एकही नाही. पगार मागायचं धाडस केलेला डॉबी त्याच इमारतीत राहतो, त्याला ती सभासद करून घेत नाही. पाचव्या भागात तर ती लोकरीच्या टोप्या विणून कचऱ्याखाली लपवून ठेवते, म्हणजे साफसफाई करताना एल्फांनी नकळत त्या उचलाव्या आणि मुक्त व्हावं. एल्फ चिडतात, त्या खोलीत यायचं बंद करतात. त्यांचा तो बहिष्कार ही त्यांची सामूहिक कृती आहे, आणि ती त्यांच्या नावावर बोलणारीच्या विरुद्ध आहे.

हा इतिहास आपल्याकडे लिहिलेला आहे. १९३२ मध्ये पुणे करारानंतर गांधीजींच्या पुढाकाराने जी संस्था निघाली आणि पुढे हरिजन सेवक संघ झाली, तिच्या ठक्करबाप्पांना बाबासाहेबांनी त्याच नोव्हेंबरमध्ये लंडनला जाताना जहाजातून पत्र लिहिलं. व्यक्तीला सुधारत बसू नका, तिच्या भोवतीची परिस्थिती बदला. विहिरी, शाळा, नागरी हक्क यांसाठी लढा, असा त्याचा रोख होता. पुढे त्या संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे. म्हणजे गुलामी आमची आणि संघटना त्यांची. हर्मायनीचा जाहीरनामा बाबासाहेबांच्या बाजूचा होता, तिच्या टोप्या सेवक संघाच्या होत्या. आणि कथेने जाहीरनामा विसरून टोप्या लक्षात ठेवल्या.

शेवट पाहा. सिरिअस ब्लॅकच्या वाड्यात जिन्यावर एल्फांची कापलेली मुंडकी टांगलेली आहेत. त्या घराचा क्रीचर वारसाहक्काने हॅरीला मिळतो, जसं घर मिळतं, भांडी मिळतात. हॅरी त्याच्याशी प्रेमाने वागू लागतो आणि क्रीचर बदलतो. घर लख्ख करतो, चविष्ट जेवण रांधतो. धडा काय? गुलामाशी नीट वागा, तो अधिक चांगली चाकरी करेल. शेवटच्या लढाईत हाच क्रीचर स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घेतलेल्या एल्फांना घेऊन उतरतो, आपल्या जुन्या मालकाच्या नावाने घोषणा देत. व्होल्डेमॉर्ट मरतो. आणि हॅरी, आपला नायक, प्रकरण संपता संपता विचार करतो की आता क्रीचर आपल्याला सँडविच आणून देईल का. नंतर एकोणीस वर्षांनंतरचं रेल्वे स्टेशन आहे, मुलंबाळं आहेत, आनंद आहे. एल्फांबद्दल एक ओळ नाही. हर्मायनीने पुढे सरकारी खात्यात जाऊन एल्फांसाठी काम केलं, असं लेखिकेने नंतर सांगितलं. नंतर! पुस्तकात नाही. चित्रपटवाल्यांनी तर विंकी आणि ती संघटना दोन्ही सरळ गाळूनच टाकली.

लढाईत रक्त चालतं, शांततेत हक्क चालत नाहीत, हे भीमा कोरेगावच्या वारसांना कुणी समजावून सांगायला नको. १८१८ मध्ये जे लढले, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांना १८९० च्या दशकात इंग्रजांनी लष्करभरतीचं दार बंद केलं.

'अहो, मुलांचं पुस्तक आहे, इतकं काय मनावर घेता?' याला माझं उत्तर असं की मुलांचं आहे म्हणूनच घेते. मुलं यातून जे शिकतात ते असं: अन्याय म्हणजे वाईट माणसं. वाईट माणूस संपला की अन्याय संपला. खैरलांजीनंतर हेच ऐकवलं गेलं ना? विकृत लोक होते, गावचा वाद होता, जातीचा संबंध नाही. न्यायालयानेही तिथे ॲट्रॉसिटीचा कायदा लागू धरला नाही. व्होल्डेमॉर्ट शोधायची सवय लागली की छडीबंदीचं कलम दिसेनासं होतं.

दुसरा आक्षेप असा की, लेखिकेलाही हे दिसत होतं. डम्बलडोर तर मंत्रालयातल्या सोनेरी पुतळ्यांच्या कारंज्याला खोटं म्हणतो. तिथे गॉब्लिन, सेंटॉर आणि एल्फ जादूगारांकडे भक्तिभावाने पाहत असतात. बरोबर, आणि म्हणूनच माझी तक्रार मोठी आहे. रोलिंगबाई तरुणपणी लंडनमध्ये ॲम्नेस्टीत काम करत होत्या. त्यांना दिसत होतं. दिसूनही डम्बलडोरच्या शाळेत शंभर एल्फ राबतच राहतात. भाषणात समता आणि तळघरात वेठ, हा दुटप्पीपणा आपल्याकडच्या पुरोगामी वाड्यांतही सापडतो.

जगभरातले अनेक वाचक २०२० पासून या लेखिकेपासून दूर गेले, ट्रान्स स्त्रियांविषयी तिने घेतलेल्या भूमिकेमुळे. हॅरीचं काम करणाऱ्या डॅनिअल रॅडक्लिफनेही तेव्हा जाहीरपणे वेगळी भूमिका घेतली. मी त्या वाचकांच्या बाजूने आहे. माणूस कुणाला म्हणायचं हे दुसऱ्याने ठरवायचं नसतं, हे आपण बुद्धाकडून आणि बाबासाहेबांकडून शिकलोय. पण 'पुस्तकं उत्तम होती, बाई नंतर बदलली' हे मला मान्य नाही. २००० सालच्या स्वयंपाकघरात सगळं लिहून ठेवलं होतं. आपण वाचलं नाही.

आणि इथे मला स्वतःकडेही बोट दाखवायचं आहे. आपण शिकलेल्या पोरापोरींनी या पुस्तकात स्वतःला हर्मायनीच्या जागी पाहिलं. एल्फाच्या जागी कुणीच पाहिलं नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी सफाई कामगार बायांना हातमोजे वाटले. फोटो काढले, भाषणं झाली. एका बाईने मोजे पिशवीत ठेवत शांतपणे म्हटलं, "ताई, मोजे नकोत म्हणत नाही मी. पण ठेकेदार पगाराची पावती देत नाही, पीएफ भरत नाही. त्याचं बोला ना." आम्ही तिला आधी विचारलंच नव्हतं. मी विणलेल्या टोप्या त्या याच.

पुस्तकं फेकून द्या, असं मी म्हणत नाही. अभ्यासिकेतली ती सात पुस्तकं कपाटातच आहेत आणि पुढच्या सुट्टीत मी ती पुन्हा सांगणार आहे. फक्त आता गोष्ट स्वयंपाकघराच्या दारातून सुरू होईल. त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला सगळा उन्हाळा लागला. मी तिला सांगितलं की एल्फांना वर्गात बसू देत नाहीत, कारण ते शिकले तर जेवण कोण रांधेल, हा प्रश्न त्या शाळेला सोडवायचा नाही.

ती म्हणाली, "मग चौघा घरांनी आपापलं रांधावं की."

सात पुस्तकांत हे एकालाही सुचलं नाही.

जय भीम.